उंदराचा नंबर आधी

एमआरआयचा इतिहास सांगताना बहुतेक जण 1977 साली झालेल्या माणसाच्या स्कॅनपासून सुरुवात करतात. खरं तर त्या रांगेत उंदीर पुढे होता, आणि त्याच्याही पुढे एक शिंपला.

1971 साली रेमंड डॅमेडियन यांनी रॅट या मोठ्या जातीच्या उंदराच्या गाठींचे तुकडे तपासले. गाठीतलं पाणी चुंबकीय क्षेत्रात निरोगी मांसातल्या पाण्यापेक्षा वेगळं वागतं, असं त्यांनी दाखवून दिलं. तोच प्रयोग पुन्हा होताना रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी पाहिला. प्रत्येक वेळी प्राणी कापायचा कशाला? पाण्याकडून मिळणारा संकेत शरीरात नेमका कुठून येतो हे बाहेरूनच कळलं तर? चुंबकाची ताकद एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे थोडी थोडी बदलत नेली की ते कळतं, हे त्यांना सुचलं.

न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातलं त्यासाठी लागणारं चुंबकाचं यंत्र दिवसा रसायनशास्त्रवाल्यांच्या ताब्यात असे, म्हणून लॉटरबर रात्री काम करत. 1973 साली पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं चित्र 'नेचर'मध्ये छापून आलं. आधी हाच लेख 'नेचर'ने नाकारला होता. मग त्यांच्या मुलीने किनाऱ्यावर वेचलेल्या इवल्याशा शिंपल्यातल्या जिवाचा नंबर लागला. 1974 साली जिवंत उंदीर. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठात जॉन मॅलार्ड यांच्या गटाने नुकत्याच मारलेल्या उंदराचं चित्र काढलं. त्यात मोडलेल्या मानेजवळची सूज दिसली. चित्र ओबडधोबडच होतं, पण एमआरआयला इजा दिसते हे त्यातून कळलं.

पुढे माणसांची यंत्रं रुग्णालयांत गेली आणि उंदराची पंचाईत झाली. माणसाच्या मेंदूच्या चित्रात एक मिलिमीटरचा ठिपका पुरतो. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, त्याला दहापट बारीक ठिपका हवा. तिन्ही बाजूंनी दहापट बारीक म्हणजे ठिपक्यात पाणी हजारपट कमी, आणि संकेतही तितकाच क्षीण. त्यामुळे जीव लहान तेवढं चुंबक दणकट, असा उलटा हिशेब झाला. चुंबकाची ताकद टेस्लात मोजतात; रुग्णालयात 1.5 टेस्लाचं यंत्र रुळलेलं, तर उंदरासाठी 4.7, 7, 9.4. हे आकडे विचित्र वाटतात, पण रसायनशास्त्रज्ञ ज्यांना संकेताच्या वारंवारतेवरून 200, 300 आणि 400 मेगाहर्ट्‌झची यंत्रं म्हणतात, त्यांचे ते वारसदार आहेत.

या खटाटोपाचं फळ 1990 साली बेल लॅब्जमध्ये दिसलं. सेइजी ओगावा यांनी बेशुद्ध रॅटला साध्या हवेइतका ऑक्सिजन दिला, तेव्हा मेंदूतल्या रक्तवाहिन्या काळ्या रेघांसारख्या उमटल्या. शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर त्या फिकट झाल्या. विचार करताना माणसाच्या मेंदूचा कोणता भाग जागा होतो हे दाखवणारं तंत्र दोनच वर्षांत याच निरीक्षणावर उभं राहिलं.

उंदीर स्कॅनरमध्ये जातो तो थाट पाहण्यासारखा असतो. आयसोफ्लुरेनच्या वाफेने त्याला गुंगी देतात. वरचे दात एका पट्टीत अडकवतात, पोटाखाली श्वास मोजणारी छोटी उशी ठेवतात. गुंगीत अंग झपाट्याने गार पडतं, म्हणून पलंगातून कोमट पाणी खेळवतात. डोक्यावर जेमतेम बसेल एवढी, संकेत पकडणारी कॉइल. छाती हलली की चित्र फिसकटतं, त्यामुळे यंत्र दोन श्वासांमधली उसंत साधून काम करतं.

या छोट्या बाजारातही उलथापालथ झालीच. अशी यंत्रं बनवणारी व्हेरियन कंपनी 2010 साली अ‍ॅजिलेंट या दुसऱ्या कंपनीने घेतली, आणि 2014 साली अ‍ॅजिलेंटने हा धंदाच बंद करायचं ठरवलं. अनेक प्रयोगशाळांनी मग जुनं चुंबक जागेवरच ठेवून त्याला ब्रूकर या प्रतिस्पर्धी कंपनीची नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जोडून घेतली.