गजकर्ण
गजकर्ण किंवा नायटा हा डर्मटोफाइट गटातील बुरशींमुळे होणारा त्वचेचा संसर्गजन्य रोग आहे. जांघ, कंबर यांसारख्या घाम साचणाऱ्या जागी खाज सुटणारे गोल चट्टे उठतात. चट्ट्याची कडा उंचावलेली व खवलेदार, तर मध्यभाग तुलनेने स्वच्छ असतो. निदान बहुधा या लक्षणांवरूनच होते. शंका असल्यास कडेची त्वचा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बुरशीचे तंतू आढळल्यास निदान पक्के होते. चट्टा बधिर असल्यास कुष्ठरोगाची तपासणी आवश्यक ठरते. इसब समजून केवळ स्टेरॉइडयुक्त मलम लावल्यास खाज तात्पुरती शमते. परंतु संसर्ग पसरतो, कडा पुसट होते आणि पुढील निदान अवघड बनते. या अवस्थेस टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात.