‘इन डाहोमी’: नाटकात जे नाही, ते कसं वाचायचं?

संशोधनाला लागताना आपल्या सगळ्यांनाच एक सवय असते. साधन हातात आलं की त्यात काय लिहिलंय, तेवढंच आपण टिपत जातो. माझी ही सवय एका संगीत नाटकाने मोडली. त्याचीच गोष्ट आज सांगतो.

१८ फेब्रुवारी १९०३ रोजी न्यूयॉर्क थिएटरमध्ये ‘इन डाहोमी’ रंगभूमीवर आलं. संगीत विल मेरियन कुक यांचं, बरीच गीतं कवी पॉल लॉरेन्स डनबार यांची, संहिता जेसी शिप यांची आणि प्रमुख भूमिकांत बर्ट विल्यम्स व जॉर्ज वॉकर. कृष्णवर्णीयांनीच लिहिलेलं आणि सादर केलेलं पूर्ण लांबीचं संगीत नाटक ब्रॉडवेच्या मोठ्या नाट्यगृहात पहिल्यांदाच होत होतं. ५३ प्रयोग झाले. मग मंडळी लंडनला गेली आणि जूनमध्ये थेट बकिंगहॅम राजवाड्यातही प्रयोग झाला.

कथानक विनोदी आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत, डाहोमीला नेऊन वसवायची एक योजना निघते आणि विल्यम्स-वॉकर ही जोडगोळी त्या गोंधळात सापडते.

पण डाहोमीच का? वॉकर यांनी १९०६ च्या एका लेखात याचं उत्तर दिलंय. १८९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात डाहोमीची माणसं ‘दाखवायला’ आणायची होती. त्यांना यायला उशीर झाला, म्हणून त्यांच्या जागी या दोघांना सोंग घेऊन उभं केलं गेलं! पुढे खरी माणसं आली तेव्हा हे दोघे त्यांना मुद्दाम बघायला जात. आफ्रिकेचे विषय रंगभूमीवर आणावेत, हा विचार तिथे रुजला.

हे वाचून मी माझ्या पहिल्या मसुद्यात ठोकून दिलं की हे नाटक म्हणजे ‘हरवलेल्या वारशाचा अभिमान’. मार्गदर्शक मॅडमनी समासात एवढंच लिहिलं: ‘कोणाचा वारसा?’

मग मी डाहोमीचा इतिहास उघडला. या राज्याने १७२७ मध्ये विदाह बंदर जिंकलं. युद्धात पकडलेली माणसं तिथून युरोपीय व्यापाऱ्यांना विकली जात. १८६० मध्ये, गुलाम आणायला अमेरिकेत बंदी येऊन पन्नास वर्षं उलटल्यावरही, ‘क्लोटिल्डा’ जहाजाने विदाहहून सुमारे ११० माणसं चोरून अलाबामात नेली. त्यातला कजो लुईस याला डाहोमीच्या सैन्यानेच पकडलं होतं. तो १९३५ पर्यंत जगला. म्हणजे बघा, ‘इन डाहोमी’चे प्रयोग चालू होते तेव्हा डाहोमीने विकलेला माणूस त्याच देशात हयात होता.

नाटकात मात्र डाहोमी येतं ते मुख्यतः विनोदाचं आणि नृत्य-गाण्यांचं ठिकाण म्हणून.

आता इथे घाई करू नका. ‘त्यांनी इतिहास लपवला’ असं लिहिणं सोपं आहे, पण ती दुसरी चूक. विल्यम्स स्वतः कृष्णवर्णीय असून तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून उभे राहत, कारण गोऱ्या प्रेक्षकांना तसंच बघायची सवय होती. त्याच नाट्यगृहात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वरच्या सज्जात बसवलं जाई. अशा जागी काय बोलता येत होतं, हे आधी विचारायला हवं. जिचे वाडवडील पळवून आणले त्या माणसाला आपलं नेमकं गाव माहीत नसतं. मग प्रदर्शनात भेटलेलं एक नाव तो उचलतो आणि त्यालाच घर म्हणतो.

म्हणून तुम्ही साधन वाचाल तेव्हा वहीत दोन रकाने आखा. एकात ‘काय आहे’ आणि दुसऱ्यात ‘काय असू शकलं असतं, पण नाही’. दुसरा रकाना भरायला त्या साधनाच्या बाहेर जावं लागतं. मला न्यूयॉर्कहून विदाहला आणि तिथून अलाबामाला जावं लागलं. माझं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, सहा महिने गेले. पण मॅडमच्या त्या दोन शब्दांना आता माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते एका वाक्यात मावत नाही.