थंडीची पहाट आणि छोटी मोटार

मुंबईहून नागपूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला, आणि त्यावरील मूर्तिजापूर हें स्टेशन वऱ्हाडच्या कापसाचें एक मोठें नाकें होऊन बसलें. पुढें याच स्टेशनांतून अडीच फूट रुंदीचे दोन छोटे फांटे निघाले. एक अचलपुराकडे ७६ किलोमीटर, दुसरा यवतमाळाकडे ११३ किलोमीटर. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या या मार्गावरील गाडी 'शकुंतला' या लाडक्या नांवानें लोकांच्या तोंडीं राहिली. तिचें वाफेचें इंजिन १९२१ सालीं मँचेस्टर येथें तयार झालें, १९२३ मध्यें कामावर रुजू झालें आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं सत्तरांहून अधिक वर्षांच्या चाकरीनंतर निवृत्त झालें. त्याच्या जागीं डिझेलचें इंजिन आलें आणि कालांतरानें ती वाहतूकहि थांबली.

वाफेच्या इंजिनाचा एक स्वभाव जुन्या रेल्वेच्या माणसांना पूर्ण ठाऊक असे. गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधीं त्याची भट्टी पेटवावी लागे. पौषाच्या पहाटे थंडगार लोखंड, थंडगार पाणी आणि थंडगार हवा या तिघांना ऊब देण्यांत कोळशाचे घमेल्यामागून घमेलें खपे, आणि तेवढ्या वेळांत गाडी एक इंचहि पुढें सरकत नसे. या कोळशाला कोणीं चोरी म्हटलें नाहीं. ज्वाळा दिसत होती, धूर दिसत होता. इंजिनाचें अंग तापल्याशिवाय तें चालणार नाहीं, हें पोरासोरांनाहि कळत होतें.

आज त्याच गांवांतील एखादें कुटुंब दसऱ्याच्या किंवा धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर नवी छोटी मोटार घरीं आणतें, तेव्हां तोच स्वभाव नव्या वेषांत त्याच्यापुढें उभा राहतो, पण ओळखूं मात्र येत नाहीं. कापसाचे चार पैसे हातीं आलेले असतात, बाकीची रक्कम हप्त्यांनीं फेडावयाची असते, आणि 'गाडी किती ॲव्हरेज देते' याची चौकशी महिनाभर आधींच होऊन गेलेली असते. कंपनीनें लिटरमागें वीस-बावीस किलोमीटर सांगितलेले असतात. मार्गशीर्षांत पहिला हिशोब होतो आणि आंकडा चौदा-पंधराच्या आसपास घुटमळतो. मग संशयाचें चक्र सुरू होतें. विक्रेत्यानें फसविलें, पंपावर माप कमी पडलें, कीं चिरंजीव गाडी दामटतात? घरांत कुरबूर होते. हप्ता आणि पेट्रोल यांचा मेळ बसविणाऱ्या गृहस्थाला हा थट्टेचा विषय वाटत नाहीं.

या तक्रारीचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. निकोलस ऑटो या जर्मन कारागिरानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारी त्याच तत्त्वावर चालतात. त्यांतील अडचण अशी कीं, द्रवरूप पेट्रोल जळत नाहीं. जळते ती त्याची वाफ. एक भार पेट्रोलाबरोबर सुमारें पावणेपंधरा भार हवा मिसळली म्हणजे ज्वलन यथास्थित होतें. इंजिन तापलेलें असेल तर पेट्रोलाचा थेंब न् थेंब वाफ होऊन कामास येतो. परंतु थंड इंजिनांत त्यांतील हलका अंश तेवढा उडतो आणि जड अंश नळकांड्याच्या थंड भिंतीवर ओघळून राहतो. इंजिन पेटावें एवढी वाफ मिळविण्यासाठीं मग गरजेपेक्षां कितीतरी अधिक पेट्रोल ओतावें लागतें. ज्या गृहिणींनीं पंपाचा स्टोव्ह वापरला आहे, त्यांना हें निराळें समजावून सांगणें नको. काकडा स्पिरिटांत भिजवून, पेटवून, नळी लाल होईपर्यंत धीर धरल्याशिवाय पंप मारला, तर रॉकेल पिचकारीसारखें बाहेर येतें आणि स्टोव्ह भडकतो. मोटारीला काकडा नाहीं. ती आपल्या पेट्रोलानेंच आपली नळी तापवून घेते.

दुसरी बाब तेलाची. इंजिनांतील वंगण थंडींत घट्ट होतें आणि फिरणाऱ्या भागांना अडवून धरतें. चाकांच्या दांतेरी पेटींतील तेलाचीहि तीच गत. पहिलीं चार-सहा मिनिटें इंजिनाच्या शक्तीचा बराच भाग या चिकटपणाशीं झुंजण्यांत जातो. नव्या गाडीचे भाग अजून एकमेकांवर बसलेले नसतात, ही त्यांत आणखी भर.

अमेरिकेंत हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ सालीं बाजारांत आली. तेथील शेतकरी हिवाळ्याच्या सकाळीं किटलीभर कढत पाणी घेऊन तिच्याकडे जात आणि तें हवा-पेट्रोलाच्या नळीवर ओतीत; त्यानंतर हँडल मारून इंजिन जागें करीत. ज्या नळीस ऊब हवी होती नेमकी तिलाच ती पोंचविण्याचा हा उपाय अडाणी दिसला तरी शास्त्रशुद्ध होता. १९१२ सालीं चार्ल्स केटरिंगच्या विजेच्या स्टार्टरनें हँडलाचे श्रम वांचविले, पण थंडीचा कर कांहीं माफ झाला नाहीं. इंग्लंडांत १९२२ सालीं हर्बर्ट ऑस्टिन यानें 'ऑस्टिन सेव्हन' ही चिमुकली मोटार काढली. हिंदुस्थानांत ती 'बेबी ऑस्टिन' म्हणून ओळखली जाई. पाऊण लिटरहि पुरता नसलेलें तिचें इंजिन मध्यम वर्गाच्या खिशाला परवडावें म्हणूनच निर्माण झालें होतें. लहान इंजिनांत तापवावयाचें लोखंड थोडें असतें, हें खरें. तथापि लहान मोटार घेणारा मनुष्य लांबच्या सफरीसाठीं ती क्वचितच घेतो. कचेरी, बाजार, दवाखाना, स्टेशन, एवढाच तिचा पल्ला. म्हणजे इंजिन तापूं लागावें आणि घर यावें, असा तिचा नित्यक्रम. छोट्या मोटारीचें दुखणें तिच्या आकारांत थोडें आणि तिच्या फेऱ्यांत फार आहे.

दुसऱ्या महायुद्धांत ही गोष्ट हिंदुस्थानांतील मोटारवाल्यांना एका चमत्कारिक रीतीनें डोळ्यांनीं पाहावयास मिळाली. १९४१ सालीं पेट्रोलाचें रेशनिंग सुरू झालें. १९४२ त ब्रह्मदेश पडला आणि तेथील तेलाच्या विहिरीहि गेल्या. तेव्हां सर्व्हिसच्या मोटारी आणि मालमोटारी यांच्या पाठीशीं लोखंडी शेगड्या आल्या. लांकडी कोळसा अर्धवट जाळून निघालेल्या गॅसवर त्या चालत. सकाळीं शेगडी पेटवून, पंख्यानें वारा घालून, जळण्याजोगा गॅस येईपर्यंत उतारू ताटकळत राहत. मूर्तिजापूरच्या इंजिनाची भट्टी जणूं सडकेवर उतरली होती! तेलाची मोटार जें लपवून करीत होती, तें कोळशाच्या मोटारीनें उघड्यावर मांडलें, इतकेंच.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रांतील घराघरांशीं ज्या छोट्या मोटारीचें नातें जडलें ती कुर्ल्याच्या कारखान्यांतील फियाट. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापलेल्या प्रीमियर कंपनीनें ती बनविली; पुढें तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. तिच्या चालकासमोर एक लहानशी खुंटी असे. तिचें नांव चोक. खुंटी ओढली कीं कार्ब्युरेटरच्या तोंडावरील पडदी मिटे, हवा कमी होई आणि पेट्रोलाचें प्रमाण वाढे. इंजिन एका लयीनें बोलूं लागलें कीं चोक हळूहळू आंत ढकलावयाचा, हा त्या काळच्या मोटार हांकण्याचा एक संस्कारच होता. ज्याला त्याचा विसर पडे त्याच्या गाडीमागें काळा धूर निघे आणि त्याचें पेट्रोल पाहतां पाहतां आटे. तरीहि त्या खुंटीचा एक मोठा गुण होता. थंडींत गाडी अधिक पितें, हें ती रोज सकाळीं मालकाच्या हाताला सांगत असे.

वऱ्हाडांत यापेक्षां एक निराळीच खोड जडली होती. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नांवाची एक झडप असते. इंजिन पुरेसें तापेपर्यंत ती मिटलेली राहते आणि पाण्याला रेडिएटरमध्यें जाऊं देत नाहीं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांत इंजिन उकळूं लागलें कीं कित्येक मिस्त्री ही झडपच काढून फेकीत. उन्हाळ्यापुरती त्यानें बरें वाटे. पण हिवाळा येई तेव्हां पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्यें खेळे, इंजिन कधींच नीट तापत नसे, आणि मालक कार्ब्युरेटर खोलून खोलून थके. ज्येष्ठांतील उपचाराचा दंड पौषांत भरावा लागे. या चुकीनें फुकट गेलेलें पेट्रोल चोरांनीं नेलेल्या पेट्रोलापेक्षां खचित अधिक असेल.

१९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली, कच्च्या तेलाचे भाव थोड्या महिन्यांत जवळजवळ चौपट झाले, आणि लिटरमागें किती किलोमीटर हा प्रश्न हौसेचा न राहतां संसाराचा झाला. दहा वर्षांनीं, १४ डिसेंबर १९८३ रोजीं, ७९६ घन सेंटिमीटर इंजिनाची मारुती दिल्लींत पहिल्या ग्राहकाच्या हातीं पडली. तिच्यांतहि आरंभीं चोकची खुंटी होती. २००० सालच्या सुमारास धुराचे नियम कडक झाले. कार्ब्युरेटर गेला आणि पेट्रोल मोजून फवारणारी विजेची यंत्रणा आली. तीहि थंड इंजिनाला अधिकच पेट्रोल पाजते. पाण्याची आणि हवेची ऊब मापून ती आपल्या आपण हिशोब करते, त्यामुळें पूर्वीपेक्षां नासाडी कमी होते. परंतु खुंटी नाहींशी झाली आणि तिच्याबरोबर सूचनाहि नाहींशी झाली. जुनी एक संवय मात्र टिकली आहे. अंगणांत दहा मिनिटें इंजिन चालूं ठेवून 'गाडी गरम करणें' ही ती संवय. चोकच्या काळीं तिला थोडा अर्थ होता. आतां अर्ध्या मिनिटानें निघून पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश हांकलें तर इंजिन लवकर तापतें. उभ्या गाडीचें ॲव्हरेज शून्य असतें.

मग कंपनीचा आंकडा खोटा कीं काय? तो खोटा नाहीं. तो दुसऱ्या हवेंतला आहे. पुण्याच्या टेकडीवर १९६६ सालीं स्थापन झालेली 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन' आणि तिच्यासारख्या संस्था ही परीक्षा घेतात. गाडी रस्त्यावर जात नाहीं. खोलींत रुळांवर तिचीं चाकें फिरतात. ठराविक गतीनें सुमारें वीस मिनिटांचा प्रवास होतो, वेग ९० किलोमीटरांच्या वर जात नाहीं, आणि खोलीची उष्णता २० ते ३० अंशांच्या दरम्यान ठेवलेली असते. परीक्षेपूर्वीं गाडी त्याच उबेंत कित्येक तास उभी असते. तेथें जिला थंड इंजिन म्हणतात त्याला मूर्तिजापूरची मार्गशीर्षांतील पहाट ठाऊकच नसते. २००९ सालीं आलेल्या टाटांच्या नॅनोला याच रीतीनें लिटरमागें २३.६ किलोमीटर असें प्रशस्तिपत्र मिळालें होतें. एकाच खोलींत, एकाच नियमानें सर्व गाड्या तपासल्या म्हणजे त्यांची एकमेकींशीं तुलना न्याय्य होते. त्या कामासाठीं हा आंकडा उत्तम आहे. घरखर्चाच्या वहींत तो जसाच्या तसा उतरविणें, ही चूक घेणाऱ्याची म्हणावी तर जाहिरातीहि त्यास हातभार लावतात. अमेरिकेनें २००८ सालच्या गाड्यांपासून आपल्या आंकड्यांत शून्याखालीं सात अंशांच्या परीक्षेचा अंतर्भाव केला. तेथील मापनाप्रमाणें २५ अंशांच्या तुलनेंत त्या थंडींत शहरांतील ॲव्हरेज सुमारें १५ टक्क्यांनीं घसरतें. फेरी पांच-सहा किलोमीटरांचीच असेल तर घसरण २४ टक्क्यांपर्यंत जाते. टोयोटानें प्रायस या मोटारीच्या एका पिढींत इंजिनाचें कढत पाणी थर्मासमध्यें सांठवून दुसऱ्या सकाळीं परत इंजिनांत सोडण्याची योजना केली होती. किटली घेऊन निघालेल्या त्या फोर्डवाल्या शेतकऱ्याला ती पाहून संतोष झाला असता.

वऱ्हाडची थंडी एवढी कडक नव्हे. तिला सगळा दोष देणें अन्यायाचें होईल. पारा दहा अंशांवर आला तर मे महिन्यापेक्षां हवा सुमारें एक दशांश अधिक दाट होते आणि वेगानें जाणाऱ्या गाडीला तेवढीच अधिक अडविते. टायरांतील हवेचा दाबहि पांच-सहा अंशांमागें साधारण एक पौंड उतरतो. उन्हाळ्यांत भरलेलीं चाकें न तपासतां हिवाळा काढला तर त्याचा भुर्दंड पेट्रोलांत पडतो. उलट बाजूस, हिवाळ्यांत थंड हवेचें यंत्र बंद असतें आणि तेवढें पेट्रोल वांचतें. शिवाय २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलांत सुमारें वीस टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें आहे. लिटरमागें त्याची उष्णता पेट्रोलापेक्षां एक तृतीयांशानें कमी असते, आणि वाफ होण्यास त्याला अधिक ऊब लागते. मुहूर्तावर घेतलेली गाडी या सगळ्यांत एकदम सांपडते. नवें इंजिन, थंड सकाळ, अपुरा दाब आणि दीड किलोमीटरांच्या फेऱ्या, अशा काळांत तिची पहिली परीक्षा होते. चैत्रांत तोच हिशोब पुन्हां मांडला, तर आंकडा पुष्कळदां आपोआप सुधारलेला दिसतो.

नव्या गाड्यांत चालकासमोर त्या त्या क्षणाचें ॲव्हरेज दाखविणारा एक आंकडा असतो. पहाटे मूर्तिजापुरांतून अकोल्याच्या सडकेस लागलें कीं आरंभीं तो आठ-नऊवर रेंगाळतो. गांव मागें पडतें, पाण्याचा कांटा मध्यावर येतो, आणि बोरगांव मंजू येईपर्यंत तो आंकडा वीसच्या पुढें गेलेला असतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीच गाडी मुलांना शाळेंत सोडून परत येते, तेव्हां तो पुन्हां नऊवर असतो.