निळे डोंगर आणि चौकातल्या गल्ल्या

लखनौ म्हटलं की मराठी माणसाला पंडित भातखंडे आणि १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने तिथे उभं राहिलेलं संगीत महाविद्यालय आठवतं. मी चित्रकलेचा शिक्षक. मला लखनौ जवळचं वाटतं ते १९११ साली सुरू झालेल्या तिथल्या सरकारी कलाशाळेमुळे.

अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य असितकुमार हलदार १९२५ साली या शाळेचे प्राचार्य झाले आणि जलरंगातली ‘वॉश’ची पद्धत लखनौत रुजली. रंगाचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की कागद पाण्यात बुडवून सुटा रंग जाऊ द्यायचा, मग पुढचा थर. असे थर चढत गेले की कडा विरतात, आकृती धुक्यातून पाहावी तशी दिसू लागते. विद्यार्थ्यांना हे करून दाखवताना मला दर वेळी वाटतं, अमूर्त चित्र इथून फार लांब नाही.

याच शाळेत शिकून पुढे तिचे प्राचार्य झालेले रणवीर सिंह बिष्ट अमूर्तापर्यंत पोहोचले. त्यांचा जन्म १९२८ सालचा, गढवालमधल्या लॅन्सडाउनचा. आधी त्यांनी डोंगरदऱ्यांची निसर्गचित्रं रंगवली. मग हळूहळू झाडं गेली, घरं गेली, डोंगराची रेघही पुसट झाली आणि कागदावर उजेड, हवा आणि निळा रंग उरला. १९९१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९८ साली ते गेले.

याच शाळेत शिकवणारे मदनलाल नागर हे हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागर यांचे धाकटे भाऊ. त्यांनी जुन्या लखनौचा चौक रंगवला. एकमेकांना टेकलेली घरं, गच्च्या, अरुंद गल्ल्या त्यांच्या चित्रांत एकावर एक चढतात, चौकोन आणि पट्टे होतात; तरी मोहल्ल्याची दाटी जाणवत राहते.

अमूर्त चित्र हे परदेशातून आणलेलं खूळ आहे, असं पालक मला अजून ऐकवतात. त्यांना मी या दोघांची चित्रं दाखवतो. एकाने डोंगर इतका पाहिला, दुसऱ्याने गल्ली इतकी पाहिली, की त्यातलं नेमकं काय ठेवायचं हे त्यांना कळलं. नागपुरात जन्मलेल्या अमूर्त चित्रकार गायतोंड्यांचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाच. कलेतिहासाच्या तासाला त्यांच्या जोडीने बिष्ट आणि नागर यांचीही नावं घ्या, एवढंच माझं शिक्षकबंधूंना सांगणं आहे.