उलट्या पायडलची कुळकथा

नागपूरच्या महाल भागातल्या एका सायकल दुकानात परवा एक सायकल आली. एका काकांना त्यांच्या मुलाने परदेशातून पाठवलेली. हँडलवर ब्रेकचा पत्ता नाही. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. काकांनी पुढच्या चाकात विजेची मोटर बसवून घेतली होती, आणि तक्रार अशी की सेमिनरी हिल्सचा उतार उतरताना ब्रेक धरतच नाही. मेकॅनिकने मागचा हब खोलला. आतलं ग्रीस काळं, कोरडं, जळकट. "काका, हे तं भाजलं न जी!"

हा ब्रेक जन्मला तो पायांना सुख मिळाल्यामुळे. पूर्वी सायकलचं चाक फिरतंय तोवर पायडलही फिरायचं. थांबायचं तर पायांनीच जोर लावून त्याला अडवायचं. फ्रीव्हील आलं, उतारावर पाय निवांत झाले आणि तो फुकटचा ब्रेक गेला. ती उणीव १८९८च्या सुमारास अमेरिकेत न्यू डिपार्चर कंपनीने हबातच भरून काढली. जर्मनीत एर्न्स्ट झाक्स यांचा 'टॉर्पेडो' हब १९०३चा. युक्ती साधी: पायडल उलटं गेलं की आतला शंकू आट्यांवरून सरकतो, ब्रेकचे तुकडे फाकवतो आणि ते हबाला आतून घासतात. वायर नाही, दांडी नाही, पावसाची भीती नाही. आपल्याकडे मात्र सायकल इंग्लंडच्या वळणाची आली, हर्क्युलिस-रॅलेची. तिला दांड्यांचे ब्रेक आणि रबराचे गुटके. म्हणून आपल्या मेकॅनिकांच्या हाती हा हब क्वचितच पडतो.

मोटरशी त्याचं नातं मात्र जुनं. सुरुवातीच्या इंडियन आणि हार्ले-डेव्हिडसन या मोटर लावलेल्या सायकलीच होत्या, त्यांनाही हाच ब्रेक. पण वेग दुप्पट झाला की थांबवताना उष्णता चौपट निघते, आणि ती जिरवायला मुठीएवढा हब. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळ १९७६ साली काही पोरांनी असाच ब्रेक असलेल्या जुन्या सायकलींवर डोंगर उतरायची शर्यत लावली. एका उतारात ग्रीसचा धूर व्हायचा, हब ग्रीसने पुन्हा भरावा लागायचा. शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. आमच्या काकांनी ती नागपुरात एकट्यानेच भरवली म्हणायची.

आपल्याकडे १९७२ साली फिरोदियांची लूना मोपेड आली, इटलीच्या पियाजिओ चाओच्या धर्तीवर, ५० सीसीची. तिला पायडल होतं, पण ते इंजिन चालू करायला आणि पेट्रोल संपलं तर पंप गाठायला. थांबवायचं काम हातांकडे, ड्रम ब्रेकवर. माझ्या मते हेच शहाणपण.

तरीही उलटा ब्रेक सुधारता येतो. उष्णता सोसणारं ग्रीस भरपूर हवं. पातळ तेल नको. हबाची लोखंडी पट्टी फ्रेमला क्लिपने घट्ट आवळलेली हवी, नाहीतर ब्रेक दाबताच आतला भाग आसासकट फिरू पाहतो. चेन ढिली नको. ती उतरली की ब्रेकही गेला. शिवाय मोटरच्या किटबरोबर येणाऱ्या ब्रेकच्या मुठीत मोटर बंद करणारा स्विच असतो. उलट्या पायडलला ती सोय नाही.

मेकॅनिकने हे सगळं केलं, आणि वर पुढे हाताचा ब्रेक बसवला. तो नीट लागतो हे दोनदा पाहिल्यावरच मोटरची चावी काकांच्या हाती दिली.