टेबलावर गरम चहा नव्हताच

भर समुद्रात सापडलेल्या रिकाम्या जहाजाची गोष्ट तुमच्यापैकी कुणी ऐकली असेल. जहाजावर माणूस नाही, पण टेबलावरच्या चहाच्या कपांतून अजून वाफ येतेय! हा चहा पुढे गोष्टी रंगवणाऱ्यांनी घातला. जहाजावर आधी चढलेल्या खलाशाने कोर्टात सांगितलं, टेबलावर खायचं-प्यायचं काहीही नव्हतं. माणसं नाहीशी झाली, हे मात्र खरं.

जहाजाचं नाव मेरी सेलेस्ट, लाकडी, शिडाचं. ७ नोव्हेंबर १८७२ ला ते न्यूयॉर्कहून इटलीला निघालं. आत अल्कोहोलची १,७०१ पिंपं, पिण्याचं नव्हे, कारखान्यात वापरायचं. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्याची बायको सारा, दोन वर्षांची सोफिया आणि सात खलाशी, अशी दहा माणसं. साराने शिलाई मशीन आणि आपल्या पेटीसारखं एक वाद्यही सोबत घेतलं होतं. जहाज म्हणजे तिचं घरच की!

२५ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता अझोर्स बेटांजवळ शेवटची नोंद झाली. ४ डिसेंबरला दुसऱ्या एका जहाजाला ते पोर्तुगालच्या बाजूला भरकटताना दिसलं. माल जागेवर, सहा महिन्यांचा शिधा जागेवर. खलाशांचे कपडे आणि तंबाखूचे पाइपसुद्धा तिथेच. नव्हती ती एकुलती एक छोटी होडी, जहाजाची कागदपत्रं आणि दिशा-वेळ बघायची यंत्रं. तळात साडेतीन फूट पाणी होतं आणि पाणी उपसायचा एक पंप खोलून ठेवलेला होता.

सापडवणाऱ्यांपैकी तिघांनी ते जहाज जिब्राल्टरला आणलं. तिथला सरकारी वकील फ्रेडरिक सॉली-फ्लड याला खुनाचाच संशय. त्याचा एक पुरावा ऐका. साराच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि दोऱ्याचं रीळ उभंच होतं, म्हणे वादळ झालंच नाही! अहो, तोवर तिघेजण ते जहाज आठवडाभर हाकत होते. रीळ पडलं असतं तर कुणीतरी उचलून ठेवलंच असतं ना? तलवारीवरचे डागही तपासणीत रक्ताचे निघाले नाहीत. तरी बदनामी झालीच. जहाज वाचवणाऱ्यांच्या हाती बक्षीस आलं ते जहाज आणि मालाच्या किमतीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढं.

मला पटतं ते असं. माल उतरवला तेव्हा नऊ पिंपं रिकामी निघाली. अल्कोहोलची वाफ साठली असेल, स्फोट होईल किंवा जहाज बुडेल अशी भीती वाटली असेल. कप्तानाने बायको-लेकराला घेऊन सगळ्यांना होडीत बसवलं असेल, थोडा वेळ लांब राहून परत येऊ म्हणून. वाऱ्याने शिडं भरली की मागे राहिलेल्या होडीला जहाज गाठणं शक्यच नव्हतं. हे सिद्ध झालेलं नाही. ती होडी कधीच सापडली नाही.

निघायच्या दिवशी साराने सासूबाईंना पत्र लिहिलं होतं. तिचा सात वर्षांचा मुलगा आर्थर त्यांच्याकडेच होता. शाळा बुडू नये म्हणून त्याला आजीजवळ ठेवलं होतं.