सावलीमागची दुसरी नलिका

१/ ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. लगेच जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइगचे ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांची प्रतिमा घेतली. त्यासाठी त्यांना तब्बल २५ मिनिटे निश्चल पडून राहावे लागले.

२/ १८९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी समोरच्या दाताच्या मुळातील नलिकेत शिशाची तार घालून क्ष-किरणांनी तिची लांबी तपासली. जे केवळ बोटांच्या अंदाजाने चाले, ते आता डोळ्यांना दिसू लागले.

३/ या दृष्टीचे मोल भयंकर होते. यंत्र जुळवताना केल्स स्वतःचाच हात किरणांसमोर धरीत. कर्करोगाने आधी बोटे गेली, मग हात गेला. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

४/ तरीही प्रतिमा अपुरीच होती. खालच्या पटाशीच्या दाताला मूळ बहुधा एकच; परंतु पुष्कळदा आत नलिका दोन, ओठाकडे एक आणि जिभेकडे एक. समोरून घेतलेल्या चित्रात एकीची सावली दुसरीवर पडते. न सापडलेल्या नलिकेत जंतुसंसर्ग उरतो आणि उपचार फसतो.

५/ त्यावर पहिला उपाय साधा होता: किरणांचा कोन बदलून दुसरी प्रतिमा घेणे. १९९० च्या दशकाअखेरीस कोन-बीम सीटी आले आणि दाताचा आडवा छेद दिसू लागला. आज काही सेकंदांत मिळणाऱ्या त्या चित्रामागे केल्स यांचा गमावलेला हात आहे.